नऊ डब्यांची जुळणी

कोणाच्या दारात उभं राहून तुम्ही कधी म्हटलंय का, "पोराची शी एवढ्या डबीत भरून द्या"? मी बारा वर्षं म्हटलंय. वर्ध्याच्या एका लॅबसाठी नमुने गोळा करायचं काम होतं माझं. अशा नोकरीत किस्से शोधावे लागत नाहीत, डब्यांसोबत घरी येतात. हे सगळे रोहण्याकडच्या एकाच वस्तीतले. तिथल्या पोरांचे जुलाब थांबत नव्हते. एक पोर गेलंही होतं.

*

शेवंताबाई आपल्या विहिरीच्या पाण्यावर वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारात विकायची. नातवासाठी दिलेली डबी तिने घासूनपुसून परत केली. आत साखर.

"अवं, साखर काऊन?"

"दुसऱ्याचं भांडं खाली परत करतेत काय?"

समजावल्यावर तिने नातवाचा नमुना सुमनकडे दिला. सुमन अंगणवाडीची मदतनीस. पोरांच्या सगळ्या डब्या तीच जमवून मला द्यायची.

*

लॅबच्या सरांनी गावाला समजावलं. पोरांच्या पोटातल्या जंतूंच्या डीएनएच्या पट्ट्या जुळवायच्या. सगळे एकाच कुळातले निघाले, तर रोग एकाच जागेहून आला.

मागून एक म्हातारे म्हणाले, "माह्या पोरीची पत्रिका तीन वर्षांपासून जुळून नाई राह्यली, अन् तुमच्या जंतूची आठ दिवसांत जुळते?"

*

जुळली. नऊ पोरांच्या नऊ डब्या, तंतोतंत सारख्या. विहिरीजवळ बांधलेल्या शेवंताबाईच्या वासराचा नमुना मी स्वतः आणला होता, तोही तसाच.

"इतकी साफ जुळणी मी आजवर पाहिली नाही," सर म्हणाले. वासरातून विहिरीत, विहिरीतून तिचं पाणी पिणाऱ्या पोरांत. विहीर बंद करा, असं पत्र ग्रामपंचायतीला गेलं.

बाजारात शेवंताबाईच्या वांग्यांना कोणी हात लावेना. मला म्हणाली, "बाई, मी तं डबी भरून देली. तेच चुकलं का माहं?"

*

त्या संध्याकाळी सुमनने माझ्यासाठी चहा टाकला. सहज बोलता बोलता म्हणाली, "ताई, बाकीचे आठ घरचे डबीले हातच लावून नाई राह्यले. तुमची चक्कर वाया जाईन म्हणून शेवंतामायच्या नातवाचंच साऱ्या डब्यांत थोडं थोडं टाकलं मी. नावं मात्र बरोबर लिवली."

मी चहा तसाच ठेवला आणि एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"पत्र गेलंय, बाई," सर म्हणाले. मग, "सकाळी बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसने पोचले, तेव्हा विहीर मुरमाने भरून झाली होती आणि शेवंताबाई वाफ्यातली उरलेली वांगी तोडत होती.