पेनल्टीला पाठ

आपल्या टीमला पेनल्टी मिळाली की काका मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. आम्ही सगळे श्वास रोखून गोलकडे बघतोय आणि हा माणूस हात मागे बांधून भिंतीवर बसलेल्या आपल्या मुलीकडे बघतोय. "झाला का?" एवढंच विचारायचे. ती म्हणायची, "झाला, बाबा." मगच वळायचे. बाकीच्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी त्यावर विश्वास नाही. ती फ्रॉकात होती तेव्हापासून हे असंच चालत आलंय, असं जुने लोक सांगत.

मदन महल वस्तीत आम्ही शेजारी. बँकेच्या बदलीवर मी या हिंदी मुलखातल्या शहरात नवा आलो होतो. एका रविवारी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "घरात काहून बसून राहिले? चला सदरच्या मैदानावर." त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेलो तो तिथल्या फुटबॉल क्लबचाच झालो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. कुणाला खेळवावं, कुणाला बसवावं, याचं उत्तर त्याच्याकडे कायम तयार. "टीम माझ्या हातात देऊन तर पाहा," हे काकांचं पालुपद. आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

मग आमचे मॅनेजर, एक निवृत्त फौजी, कायमचे गावी निघाले. टीम निवडणं, खेळवणं सगळं तेच बघत. जाताना त्यांनी शिट्टी काकांच्या मुलीकडे ठेवायला दिली. ती शाळेत खेळांची टीचर, कोचिंगचं रीतसर शिक्षण घेतलेली. आमची निम्मी पोरं तिच्याच हाताखाली तयार झालेली, त्यामुळे पोरांना तीच हवी होती. चहाच्या टपरीवर रोज वाद पेटायला लागला. जुन्या मंडळींना बाई मॅनेजर म्हणून पचतच नव्हती.

एकदा त्यांच्यातल्या एकानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "भैया, आप ही संभालो. बिटिया से लडके नही संभलेंगे."

मला वाटलं, आता काका उखडणार. त्यांनी गुपचूप चहा संपवला.

परत येताना मी मागून म्हटलं, काका, नाही म्हणून टाका ना, पोरीचा हक्क आहे तो. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा म्हणाले, "जिंदगीभर मागून राहिलो मी. आता कुठं देऊन राहिले."

आमच्या दोन्ही घरांची भिंत एक. सामन्यावरून बापलेकीची भांडणं मला इकडे ऐकू यायची. त्या आठवड्यात तिकडून फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या.

आमच्या क्लबात मॅनेजर निवडायला चिठ्ठ्याबिठ्ठ्या नाहीत. दोन्ही उमेदवारांनी मैदानाच्या मधोमध उभं राहायचं आणि ज्याला जो हवा त्यानं त्याच्या बाजूला जायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रविवारी ती ट्रॅकसूट घालून आली. काका चार पावलं सोडून उभे राहिले. मी तडक तिच्या बाजूला गेलो. पोरंही आली, पण दोघं-तिघं आपापल्या बापाचं तोंड बघून परत फिरली. जुनी मंडळी तर सगळीच तिकडे.

काकांनी पाठ केली होती. मग त्यांनीच विचारलं, "झालं का?"

तिनं दोन्ही बाजू नीट पाहिल्या. "झालं, बाबा. तुमच्याकडे जास्त आहेत." गळ्यातली शिट्टी काढून तिनं त्यांच्या हातात दिली.

मला काकांचा इतका राग आला की मी ऑटोनं घरी आलो. महिन्याभरात ती नागपूरच्या शाळेत नोकरी धरून गेली.

काकांनी एकच सामना खेळवला. रागावलो होतो तरी मी गेलो. उत्तरार्धात आम्हाला पेनल्टी मिळाली. काकांनी बोटानं एका पोराला पुढे केलं आणि सवयीनं पाठ फिरवली.

"झाला का?"

गोल झाला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, टपरीवाल्यानं पातेलं बडवलं. मीसुद्धा राग विसरून ओरडलो, "झाला, काका, झाला!" ते वळले नाहीत. चेंडू मधोमध आला, सामना पुन्हा सुरू झाला, तरी आमचे मॅनेजर हात मागे बांधून त्या रिकाम्या भिंतीकडे बघत उभे होते.