कॉर्कचं जाकीट

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या दुकानातून सगळ्यात जास्त खपली ती कुलपं. दोर, साखळ्या, बादल्या, रहाट हा आमचा खरा धंदा. पण त्या दिवसांत आमच्या चाकूरला कुणाच्या माडीवर, कुणाच्या गोठ्याशेजारी, मिळेल त्या भाड्याच्या खोलीत कचेऱ्या उघडत होत्या, आणि प्रत्येक खोलीला कुलूप लागत होतं. असंच एक कुलूप घ्यायला एक ओव्हरसियर आला. हदगावकडचा होता, माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा. कुलूप घेतलं, किल्ली दोनदा फिरवून बघितली आणि विचारलं, "शेठ, तंगूस ठेवता का? जाडवाला?"

"मणी ओवायचा हाय. जाड कशाला पाहिजे?"

"मासे धरायला."

माझे वडील, अप्पा, गादीवरच बसले होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि कान आमच्याकडे. आमचं घर लिंगायताचं. मासा घरात येणं सोडाच, त्याचं नावही कुणी काढत नसे. मी नायलॉनचा तंगूस मापून दिला आणि हळूच विचारलं, "रविवारी जाता का?"

लहानपणापासून गावच्या तळ्याच्या बांधावर बसून मी मरळ मासे बघत आलो होतो. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर एक गोल उमटवते आणि खाली जाते. तो गोल का कोण जाणे, मला फार आवडायचा. मासा खायची इच्छा मला कधीच झाली नाही. पण त्या पाण्याखाली काय चाललंय ते हाताला कळावं असं वाटायचं.

ओव्हरसियर कळकाच्या काठीने आणि जिवंत बेडकाने मरळ धरायचा. पहिल्याच रविवारी त्याने बेडकाच्या पाठीतून गळ आरपार घातला आणि मी तोंड फिरवलं.

"शेठ, तुमच्याच्याने न्हाई होणार हे," तो हसला.

"नकली बेडूक नसतो का?"

"असतो ना. हैदराबादला मिळतो. आमिषाचे चमचे मिळतात, पंखे मिळतात, चरखीवाली काठी मिळते. चलता का?"

घरी मी सांगितलं की मालाची चौकशी करायला चाललोय. उदगीरहून आम्ही हैदराबादची बस धरली.

ते दुकान एका बोळात होतं. मेहंदी लावलेल्या दाढीचे एक म्हातारे मालक स्टुलावर बसले होते. ओव्हरसियरने सगळ्यात लांब आणि सगळ्यात चकचकीत काठी उचलली. म्हाताऱ्यांनी ती काढून घेतली, दुसरी एक फायबरची काठी माझ्या हातात दिली आणि तिचं टोक भिंतीला टेकवून दाबायला सांगितलं. वरचा भाग लवला, खालचा ताठ राहिला. मरळ शेवाळात राहते, लागली की बुडाला पळते, तेव्हा नुसती लवचिक काठी काय कामाची, असं त्यांनी उर्दूत समजावलं. आम्ही तशाच दोन घेतल्या. मग आमिषं. ओव्हरसियर लाल-पिवळ्या मोठाल्या नकली माशांवर भाळला होता. मी मात्र लाकडी बेडकावर अडलो. पाठ हिरवी, पोट पांढरं, गळ वरच्या बाजूला वळलेले, म्हणजे शेवाळात अडकू नयेत. शिवाय गढूळ पाण्यात चमकून दिसणारा एक पितळी चमचा घेतला. त्याच्याही गळापुढे, शेवाळ अडवायला, बारीक तार होती.

मी गमबूट मागितले तर म्हातारे म्हणाले, "बूट नक्को मियां. पानी भरा तो नीचे खींचता." त्याऐवजी साधे कॅनव्हासचे बूट घाला, डोळ्यांवर बिननंबरी चष्मा ठेवा, कारण माशाच्या तोंडातून सुटलेला गळ सरळ डोळ्यावर येतो, आणि खिशात पकड ठेवा. शेवटी त्यांनी माळ्यावरून एक जाकीट काढलं. खाकी कापडाचं, जाड, आतल्या कप्प्यांमध्ये कॉर्कच्या फळ्या शिवलेल्या. कुठल्यातरी जुन्या जहाजावरचं असावं.

"हे कशाला?" ओव्हरसियर म्हणाला. "आपण काय समुद्रात चाललो काय?"

"मला पोहता येत न्हाई," मी म्हणालो.

त्याने जाकीट हातात घेऊन तोलून बघितलं. मग म्हणाला, "घ्या. दोघांत एक. जो पाण्यात उतरंल तो घालंल."

सगळं सामान त्याच्या खोलीवर ठेवायचं ठरलं. माझ्या घरी ते ठेवणं शक्यच नव्हतं.

ते दिवस चांगले होते. हे मी आजही नाकारत नाही. मी धरलेली मरळ सोडून द्यायचो, तो आपली घरी न्यायचा, आणि यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. एकदा बेडकाचा गळ माझ्या अंगठ्यात रुतला. त्याने माझा हात मांडीवर घेतला, गळाचं टोक पुढे ढकलून कातडीतून बाहेर काढलं, पकडीने तोडलं आणि उरलेला तुकडा मागे ओढून घेतला. हे सगळं करताना मला तो हदगावच्या बाजारातल्या गमती सांगत होता. दुसऱ्या एका वेळी बांधाच्या उतारावरून मी घसरलो ते थेट पाण्यात. जाकीट अंगात होतं म्हणून बुचासारखा वर आलो. त्याने काठीचं टोक पुढे केलं आणि मला ओढून काढलं. काठावर त्याने स्वतःच माझ्या जाकिटाचे बंद सोडले. "अप्पांना काय तोंड दाखवलं असतं मी?" एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याला भाऊ मानायला लागलो.

मग पाऊस गेला. पहिल्या साली थोडासा पडला, दुसऱ्या साली तेवढाही नाही. दुकानात दोर आणि रहाट जोरात खपायला लागले, कारण जो तो विहीर खोल करून राहिला होता. तळं आटत आटत मधल्या डोहापर्यंत आलं. तळ्याखाली गेलेल्या एका जुन्या विहिरीचे दगड वर दिसायला लागले. तळ्यातले सगळे मासे त्या डोहात गोळा झाले. मरळीचे गोल आता एकमेकांना चिकटून उमटत होते.

आम्ही दोघं भेगाळलेल्या गाळावर उभे होतो. मी काठीला चमचा बांधायला घेतला, तर त्यानेच माझा हात धरला.

"शेठ, आता गळ टाकणं म्हंजी कोंडून मारणं. पाणी येऊ द्या. तवर काठ्या बांधून ठेवू."

"खरंय," मी म्हणालो.

"गळ्याची आण घ्या. तुमी बी न्हाई, मी बी न्हाई."

मी लिंगाला हात लावून आण घेतली. मासे खाणाऱ्या माणसाच्या मनात एवढी दया आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्याच्या खोलीवर जाऊन मी स्वतः दोन्ही काठ्या धोतराच्या फडक्यात गुंडाळल्या.

त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. लातूरला मोठी कचेरी झाली होती, तिथे जागा निघणार होत्या, आणि तो सारखा लातूरला खेटे घालत होता. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. माणसाने वर जावंच.

उन्हाळ्यातली एक दुपार. तळ्यापलीकडच्या गावात एका विहिरीसाठी नायलॉनचा दोर पोचवायचा होता. सायकलच्या कॅरियरवर वेटोळं बांधून मी निघालो. बांधावर दोन जीप उभ्या होत्या. बाभळीखाली चूल पेटलेली, तिच्यावर पातेलं. खाली डोहाच्या काठावर माझा मित्र लातूरहून आलेल्या एका जाड्या साहेबांना काठी कशी फेकायची ते शिकवत होता. काठी माझी होती. तंगुसाच्या टोकाला हिरव्या पाठीचा बेडूक लोंबत होता.

मी सायकल आडवी टाकून खाली उतरलो. जवळ गेल्यावर दिसलं की काठ्या नुसत्या मजेपुरत्या होत्या. खरं काम जाळं करत होतं. डोहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावलेलं होतं आणि काठावर मरळींचा ढीग होता, काही अजून तोंडं उघडत होत्या. जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगायला कॉर्कचे तुकडे बांधले होते. एका तुकड्याला खाकी कापड अजून चिकटलेलं होतं.

मी त्या कापडाकडे बघतच राहिलो. जाकीट उसवून कापलं होतं त्याने.

"कोण हे?" साहेबांनी विचारलं.

"इथला दुकानदार," माझा मित्र म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही. "दोर-बिर लागला तर याच्याकडून आणतो आपण."

"या ना मग. मासा घेऊन जा घरी," साहेब मोकळेपणाने म्हणाले.

"हे खात न्हाईत साहेब. लिंगायत हायत." आजूबाजूचे हसले. तोही हसला.

"जाकीट कुठंय?" मी विचारलं.

"मग बोलू," तो दबक्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात ओरडा झाला. जाळं जुन्या विहिरीच्या दगडात अडकलं होतं, ते सोडवायला साहेबांचे मेव्हणे गमबूट घालून आत शिरले होते. पुढच्या पावलाला ते मांडीपर्यंत गाळात गेले, मग कमरेपर्यंत. बुटात पाणी आणि चिखल भरलेला, पाय निघेना. हलतील तसे ते खाली जात होते. सगळे काठावर उभे राहून "हलू नका, हलू नका" म्हणत होते, पण पुढे कुणी होईना. मी धावत सायकलकडे गेलो, वेटोळं सोडलं, टोकाला फास केला आणि फेकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा त्यांनी काखेत घालून घेतला. पाच-सहा जणांनी ओढलं तेव्हा ते बूट आतच सोडून पोटावर सरकत बाहेर आले.

साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "देवासारखा आलास रे बाबा," ते मला म्हणाले.

आणि माझा मित्र मध्ये आला. "मीच बोलावलं होतं याला, साहेब. म्हटलं, गाळाची जागा हाय, दोर असलेला बरा."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी फास सोडला. दोर गुंडाळला, तसाच चिखलाने भरलेला, आणि वर चढलो.

ते तिथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी, अप्पा दुकानात दिवा लावून हात जोडत होते तेव्हा जीप दारात थांबली. शिपाई उतरला आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक मोठी मरळ त्याने गल्ल्यासमोरच्या फळीवर ठेवली.

"साहेबांनी पाठवलीय. तुमच्या मुलाला. ओव्हरसियर साहेब म्हणाले, सगळं सामान यांनीच निवडून दिलं, काठ्या बी, बेडूक बी."

अप्पांनी जोडलेले हात खाली घेतले. शिपायाला पाण्याचा तांब्या दिला, तो पाणी प्यायला. मग शांतपणे म्हणाले, "आमच्यात चालत न्हाई बाबा. तू ने घरी, लेकरांना घाल." तो गेल्यावर त्यांनी स्वतः बादलीभर पाण्याने फळी धुतली, आणि मला समोर बसवलं. मी सगळं सांगितलं, हैदराबादपासून दुपारपर्यंत.

"सामान त्याच्याकडं का ठेवलंस?"

"घरी ठेवलं असतं तर तुमी फेकलं असतं."

"फेकलं असतं," अप्पा म्हणाले. "पण तुला सांगून फेकलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "रागावलात काय शेठ? साहेबांनी हौसेनं मासे मागितले. तळं आटणारच होतं. गाळात सडून मेल्यापेक्षा कुणी खाल्ले तर काय बिघडलं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला आणखी राग आला.

"मग आण कशाला घ्यायला लावलीस?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

तो वळला. अर्ध्या गालाला फेस होता. "आता काय सांगू तुमाला," तो हसत म्हणाला. "दोघं मिळून रोज धरत बसलो असतो तर साहेबांसाठी काय उरलं असतं?"

इतका सहज म्हणाला तो हे. मला फसवल्याची जाणीवसुद्धा त्याला नसावी. गाळावर उभं राहून त्याने माझा हात धरला होता तेव्हाच त्याच्या डोक्यात साहेब होते, जीप होत्या, लातूर होतं. माझी दया त्याने राखणदारासारखी त्या डोहावर बसवली होती. काठ्या भिंतीशी उभ्या होत्या. "घेऊन जा पाहिजे तर," तो म्हणाला. मी हात लावला नाही.

त्याला लातूरची जागा मिळाली. महिनाभरात डोहही आटला. पुढे पाऊस आला, तळं भरलं, पण कितीतरी वर्षं त्या पाण्यावर मरळीचा गोल दिसला नाही. मी बांधावर जाऊन बघत असे. त्याने दोनदा निरोप पाठवला, लातूरला या म्हणून. मी गेलो नाही. माझ्या अंगठ्यातला गळ काढणारा माणूस आणि दाढी करत हसणारा माणूस एकच, हे मला अजूनही नीट जमवून घेता येत नाही. तो पहिल्यापासून तसाच असता तर सोपं गेलं असतं.

लग्नानंतर काही वर्षांनी मी नांदेडला दुकान टाकलं. अप्पा गेल्यावर पुन्हा एक काठी घेतली आणि आता रविवारी गोदावरीवर जातो, एकटाच. काठावर नवशिकी पोरं भेटतात, विचारतात. काठी कुठून वाकली पाहिजे ते मी त्यांना दाखवतो, गढूळ पाण्याला पितळी चमचा लावून देतो, पाण्यात उतरणार असाल तर आधी जाकीट घाला म्हणून दटावतो. यातलं काही मी हातचं राखत नाही. पण "काका, मासा कुठल्या डोहात लागतो?" असं कुणी विचारलं की मी हात लांब करून सगळी नदी दाखवतो.