फोमीनिच्नाचा खोटा कडा

फोमीनिच्नाचा कुणावरच विश्वास नसे. नाव रायसा, पण कामचाटकात आम्ही गाडीवाले तिला बापाच्या नावानेच हाक मारायचो. पक्षी बघायला येणाऱ्यांना ती देशभर फिरवायची. वसंतात व्होल्गाच्या मुखाशी पाणकोळी, उन्हाळ्यात आमच्याकडे समुद्रकड्यांवर, पानगळीत बैकलची बदकं, थंडीत उस्सुरीच्या जंगलातली थोराड घुबडं. प्रांत बदलायचा, ऋतू बदलायचा, बाईचा संशय मात्र तोच. पाव घेतला तरी आधी उलटा करून बघायची.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका गोडबोल्या पाहुण्याला तिने पांढऱ्या ससाण्याचं घरटं दाखवलं. पुढच्या उन्हाळ्यात तोच पाहुणा दोर घेऊन पिल्लं चोरून विकायला आला, कड्यावरून निसटला आणि समुद्रात गेला. प्रेत मिळालं नाही. नावही खोटंच निघालं. फोमीनिच्ना त्याच्यासाठी रडली नाही. लोंबकळता दोर तेवढा तिने कापून जाळला, आणि तेव्हापासून पाहुण्यांना ससाण्याचा म्हणून भलताच कडा दाखवू लागली. तिथे समुद्रपक्षी रगड होते, पण ससाणा औषधालाही नव्हता.

त्या वर्षी जूनच्या गटात तूला शहरातला एक म्हातारा होता, वेनियामिन अर्काद्येविच. दुर्बीण गळ्यात, पण डोळ्याला कधी लागली नाही.

"प्रोखोर, त्या म्हाताऱ्याकडे बघ," गाडीत ती माझ्या कानाशी लागली.

"झोपलाय बिचारा."

"बिचारा म्हणे! मांजरसुद्धा डोळे मिटूनच दूध पितं."

दुपारी माशाचं सूप पिताना म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "फोमीनिच्ना, ससाण्याचा कडा दाखवणार ना? त्याच्या खाली... पाणी खोल आहे का हो?"

टेबलाखाली फोमीनिच्नाची लाथ माझ्या नडगीवर बसली. नंतर म्हणाली, "ऐकलंस? पक्षी बघणारा वर बघतो. खाली कोण बघतं? ज्याला दोर सोडायचाय तो!"

"अगं, त्याला धड जिना उतरता येत नाही."

"म्हणून तर साथीदार असणार."

म्हातारा ओढ्यावर तोंड धुवायला गेला तेव्हा तिने मला पहाऱ्याला उभं केलं आणि त्याची पिशवी उपसली. तळाशी कापडी थैलीत वरीचे दाणे निघाले. तिचे डोळे चमकले. जिवंत कबूतर जाळ्याला बांधून ससाणा धरतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"कबुतराचा चारा!"

"आणि कबूतर कुठाय?"

"तेच शोधायचंय." वनरक्षकाला दाखवायला म्हणून तिने मूठभर दाणे रुमालात बांधले. खरं सांगतो, तोवर मलाही म्हाताऱ्याचा संशय येऊ लागला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या खोट्या कड्यावर गेलो. बाकीचे दुर्बिणी लावून बसले. म्हातारा फोमीनिच्नापाशी आला.

"हाच ना तो? नक्की?"

"हाच," ती म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही.

म्हाताऱ्याने टोपी काढली, कडेला गुडघे टेकले आणि थैलीतले सगळे दाणे खडकावर पसरले. आम्ही कबरीवर टाकतो तसे. पाखरं दाणे टिपतात आणि गेलेल्याची आठवण ठेवतात.

"ग्लेब, आलो रे बाबा," तो म्हणाला. "उशीर झाला." मग आमच्याकडे न बघताच बोलला, "माझा मुलगा. निघताना तुमच्या ससाण्याच्या कड्याचंच बोलला होता. चोरी करताना गेला, ठाऊक आहे मला. कुठल्या तोंडाने पत्ता विचारणार? म्हणून पक्षी बघायला आलो म्हणालो."

फोमीनिच्ना गाडीमागे गेली. मी पाठोपाठ.

"सांग त्याला," मी म्हणालो.

"आणि उद्या त्याने चार जणांना सांगितलं तर? घरट्यात पिल्लं आहेत! चोराचा बाप आहे तो."

"बाप आहे, फोमीनिच्ना. त्याची थैली चुकीच्या खडकावर रिकामी झाली."

ती मला वाट्टेल ते बोलली. मग चहाची किटली काढली.

मंडळींना चहाला बसवून ती म्हाताऱ्यापाशी आली. "फोन इथेच ठेवा. डोळे बांधणार आहे तुमचे. का ते विचारू नका."

त्याने विचारलं नाही. तिने डोक्याचा रुमाल सोडून त्याचे डोळे बांधले. तिच्या सांगण्यावरून मी गाडी उगाच दोनदा वळसा घालून नेली. मग खऱ्या कड्यावर तिने पट्टी काढली.

"हा कडा. मघाशी मी खोटं बोलले."

खाली लाटा फुटत होत्या. समोरच्या कपारीत पांढरी मादी पिल्लांवर पंख पसरून किंचाळत होती. म्हाताऱ्याचा हात रिकाम्या थैलीत चाचपडत राहिला. फोमीनिच्नाने खिशातून गाठ मारलेला छोटा रुमाल काढला.

"घ्या. तुमचेच आहेत. मी चोरले होते."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दाणे एकेक करून कड्यावर ठेवले. घरट्याकडे बराच वेळ बघत होता. "एवढीशीच असतात होय," म्हणाला.

निघताना म्हातारा आपणहून गाडीशी थांबला, डोळे मिटले आणि पट्टीसाठी मान पुढे केली. फोमीनिच्ना रुमाल हातात धरून तशीच उभी राहिली. मग तो तिने आपल्याच डोक्याला बांधला.

"चढा वर, वेनियामिन अर्काद्येविच," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पुढे बसा. म्हणजे पुन्हा यायचं झालं तर रस्ता सापडेल."