ग्रीनलंडवरून जाणारा दोरा

पहाटे नसरीनचा फोन आला, सॅन फ्रान्सिस्कोहून. "काका, अब्बा गेले. अम्मीनं आत्ताच कळवलं. मी निघतेय, पण..." मी समोर पाहिलं. इक्बालभाईंच्या खिडकीत दिवा होता. दफन दुपारीच होणार आणि तेव्हा ती कुठेतरी आभाळात असणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हा हिशेब खुद्द इक्बालभाईंनीच करून ठेवला होता.

नारायण पेठेत आमची घरं समोरासमोर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून खाली काढला. नसरीन नोकरीसाठी नुकतीच लंडनमार्गे तिकडे गेली होती, आणि ती नेमकी कशावरून उडत गेली हे त्यांना हवं होतं. मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सांगितलं, सरळ अटलांटिक ओलांडायचा, मग आडवी अख्खी अमेरिका. "वा! अहो परांजपे, पृथ्वी सपाट असती तर तुमचं अगदी बरोबर होतं." मग भाभींच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा त्यांनी गोलावर लंडनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणला. मी तो हट्टानं खाली दाबून धरायचो, बोट काढलं की तो वर सरकायचा... थेट ग्रीनलंडवर. जवळची वाट बर्फावरून जाते हे बघून आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. दोरा त्यांनी तिथंच चिकटवून टाकला.

तेव्हापासून त्यांना चैन नव्हती. जाताना वेळ जास्त आणि येताना कमी, असं का? वारा एवढा ढकलतो? आणि ग्रीनलंडवरून खाली काय दिसतं? "पांढरं दिसणार हो. पण नुसतंच पांढरं?" नसरीन आली की चहाच्या आधी हा प्रश्न. ती दर वेळी म्हणायची, "अब्बा, मी झोपले होते." ते कपाळाला हात लावायचे. "एवढं तिकीट काढून झोपते!"

गेल्या दिवाळीत फराळाला आले असताना चकली मोडत ते सहज म्हणाले, "परांजपे, आमच्यात फार थांबत नाहीत. विमान कितीही जोरात आलं तरी हे जुळत नाही. मी पाहिलंय करून. तिच्यासाठी कुणी थांबू नका, आणि तिला वाईट वाटू देऊ नका." मला राग आला. सणाच्या दिवशी हे काय बोलणं? त्यांना मात्र ते गणित सुटल्याचंच समाधान होतं. मला ते समाधान आजही जमलेलं नाही.

दुपारी कबरस्तानात मूठभर माती घालताना माझी नजर वर गेली. आत्ता पोरगी दोऱ्यावर कुठे असेल, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. अम्मीला मिठी मारून खूप रडली, मग अब्बांच्या खोलीत गेली. पृथ्वीगोल टेबलावर होता. तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि ग्रीनलंडवर थांबवलं.

"काका, दफनाच्या वेळी मी इथं होते. या वेळी झोपले नाही. सगळे झोपले होते, मी खिडकी उघडी ठेवली."

मग माझ्याकडे नाही, अब्बांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली,

"अब्बा, नुसतंच पांढरं नाहीये... मधेमधे निळं पाणी आहे."