करवतीशेजारचे पापड

शेजारच्या काकांचं कुठलंही वाक्य "बघाच तुम्ही" म्हटल्याशिवाय संपत नसे. बँकेतून आले की ते घरामागच्या शेडमध्ये फळ्या कापत आणि सागाचा भुसा उडून आमच्या वाळवणावर बसे. भुसा ओढायला लावलेला त्यांचा छोटा पंखा नुसताच घरघरायचा. आईने त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

त्या उन्हाळ्यात काकांनी भंगारातून मोठा ब्लोअर आणला आणि भुसा ओढून आत साठवायला पत्र्याच्या पिंपाला जोडला. "वहिनी, पापड माझ्या करवतीशेजारी घाला. बघाच तुम्ही!"

आईने हट्टाने वर्षाचे पापड तिथेच पसरले. काकांनी रविवारभर फळ्या कापल्या. संध्याकाळी पिंपातल्याच भुशाची शेगडी पेटवून आईने पापड भाजला आणि डोळे मिटून चावला.

"कचकच नाही. उद्या कुरडयाही इथंच घालते."

काका "बघाच" म्हणायचंही विसरले.