बैल पळाला का चाकोरी?

बंडगर सर गेल्याची बातमी मला साताऱ्यात, शाळेच्या मधल्या सुट्टीत कळली. सांगलीहून फोन आला होता आणि निरोप मुख्याध्यापकांच्या टेबलावर सकाळपासून पडून होता. मी उरलेले तास घेतले, रजेचा अर्ज दिला आणि रविवारची गाडी ठरवली. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता विचारायचं राहून गेलं. ज्या माणसाबद्दल इतकी वर्षं मनात संशय धरला, तो उत्तर न देताच निघून गेला...

महादेव बंडगर मूळचे जतकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सांगलीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गणित शिकवायची तिथे ते कायम व्याख्याते होते आणि मी हंगामी. संशय घेण्यात मात्र ते माझे गुरू शोभले असते. एकदा बाजारात त्यांच्या शेजारी उभी होते. भाजीवालीनं वांगी तोलली तर हे म्हणाले, "मावशी, जरा पारडी बदलून तोला की." ती भडकली. "आवं सर, पारडी बदलून वांगी वाढत्यात व्हय?" "वाढत न्हाईत. कमी हुत्यात का बघायचंय." तिनं पारडी बदलली, काटा तिथेच राहिला, आणि "आता समाधान झालं?" असं तिनं ठसक्यात विचारल्यावर सर म्हणाले, "व्हय. आता वांगी गोड लागतील."

आणीबाणीच्या वर्षात आमच्या विभागात संगणक आला. टाइपरायटरपेक्षा थोडा मोठा, टेबलावर मावणारा, वर एका ओळीचा पडदा. त्याला बेसिक नावाच्या भाषेत सूचना द्यायच्या. तो एक ओळ वाचायचा, करायचा, मग पुढची वाचायचा. त्याच्याबरोबर एक कायम जागाही आली. उमेदवार दोन होते, मी आणि दिवेकर. माझी नेमणूक दर मे महिन्यात संपायची आणि जूनमध्ये पुन्हा मिळेल का याचा भरवसा नसायचा. आई सांगलीत, अंथरुणाला खिळलेली. कायम झाले तर तिच्याजवळ राहता येणार होतं, नाहीतर जिथे नोकरी मिळेल तिथे जावं लागणार होतं. विभागप्रमुखांनी तोडगा काढला. गुण उतरत्या क्रमानं लावणारा प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा दोघांनी लिहायचा, ज्याचा तुकडा यंत्रावर लवकर पुरा होईल त्याच्या नावाची शिफारस. स्टॉपवॉच धरणार बंडगर सर.

दोन्ही तुकडे एकाच प्रोग्रॅममध्ये घातले होते, दिवेकरांचा वर आणि माझा खाली. वेळ मोजता यावी म्हणून प्रत्येक तुकडा शेकडो वेळा फिरवला. दिवेकर जिंकले, तेही चांगल्या अंतरानं. विभागप्रमुख उठायला लागले, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा. ह्यांचा वर घालू, त्यांचा खाली." पुन्हा सगळं टाइप केलं, पुन्हा घड्याळ लावलं. या वेळी मी जिंकले, जवळजवळ तेवढ्याच अंतरानं. माझा जीव भांड्यात पडला. "आता लिहा की सर, माझं नाव," मी म्हणाले. पण ते यंत्राकडेच बघत बसले होते. "बाई, आमच्या गावच्या शर्यतीत एक चाकोरी वाळूची हुती. तिच्यात जी जोडी लागंल ती हरायची. लोक बैलाला शिव्या द्यायचे. बैल पळाला का चाकोरी, हे कुणी बघतच न्हवतं." दिवेकर चिडून म्हणाले, "अहो, हे काय बैलगाड्यांचं मैदान आहे का?" सर शांतपणे म्हणाले, "तेच तर बघतोय."

मग त्यांनी दोन्ही तुकडे वेगवेगळे, एकएकटे चालवले. फरक उरला तो घड्याळ दाबणाऱ्या अंगठ्याइतकाच. कारण त्यांनी नंतर शोधून काढलं. "अमुक ओळीवर जा" असं सांगितलं की यंत्र ती ओळ दर वेळी अगदी वरपासून शोधत यायचं. म्हणजे खालच्या तुकड्याला प्रत्येक फेरीत जास्त वेळ लागणार, मग तो कुणाचाही असो. विभागप्रमुखांनी विचारलं, "मग निकाल काय?" सर म्हणाले, "निकाल न्हाई. दोन्ही सारखेच."

शेवटी मुलाखती झाल्या आणि जागा दिवेकरांना मिळाली. मी साताऱ्याच्या शाळेत रुजू झाले. आईला भावाकडे ठेवावं लागलं आणि पुढच्याच हिवाळ्यात ती गेली, मी जवळ नसताना... सरांवरचा माझा संशय तेव्हापासूनचा. तो हवेतला नव्हता. ते रोज दिवेकरांच्या स्कूटरवरून घरी जायचे. दिवेकर आणि ते एकाच वसतिगृहात राहिलेले. आणि नेमकी मी जिंकल्यावरच त्यांना तिसरी चाचणी सुचली! तिथेच थांबले असते तर? पुढे मी दोनदा सांगलीला गेले, दोन्ही वेळा त्यांच्याकडे चहा घेतला, पण विचारलं नाही. तेही काही बोलले नाहीत. फक्त एकदा निरोप देताना म्हणाले, "बाई, तुमचा तुकडा चांगला हुता." मला त्याचाही संशय आला. एवढी वर्षं गेल्यावर हे कशाला?

रविवारी विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी पोचले तर दिवेकर आधीच येऊन बसले होते. आम्ही एकमेकांना टाळण्याची सवय झालेली माणसं. बंडगर वहिनी आत चहा ठेवायला गेल्या आणि काहीतरी बोलायचं म्हणून दिवेकर म्हणाले, "मी त्यांच्यावर फार रागावलो होतो. तुम्हाला माहीतच असेल."

"तुम्ही? जागा तर तुम्हाला मिळाली."

"मिळाली, पण मी पहिल्याच फेरीत जिंकलो होतो. त्यांनी तुमचा तुकडा वर का घातला? तुमची आई आजारी, तुम्हाला सांगली सोडता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तुम्हाला वाचवायला केलं, अशीच माझी खात्री होती. त्या दिवसापासून स्कूटरवर मागे बसवणं बंद केलं."

मग मी माझा हिशेब सांगितला, स्कूटर, वसतिगृह, तिसरी चाचणी, सगळा. दिवेकर हसले नाहीत. मीही नाही. वहिनी दारात ट्रे धरून उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं असावं. "त्यांना दोघांचेबी संशय ठाव हुते," एवढंच म्हणाल्या.

चहा झाल्यावर त्यांनी आतली खोली दाखवली. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी औषध बदललं, त्याच दिवशी मुलानं कॉट खिडकीपाशी सरकवली, आणि सरांना बरं वाटायला लागलं. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. हे म्हणाले, औषधाचा गुण का वाऱ्याचा, कळायला नको? कॉट परत भिंतीला लावा. ती लावली, आणि ती अजून तिथेच होती. वहिनी कॉटच्या दांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "खिडकीपाशी ऱ्हायले असते तर... माझ्या मनातनं जात न्हाई. एकटीच्यानं हलतबी न्हाई ही."

दिवेकरांनी कॉटचं एक टोक धरलं, मी दुसरं. जड होती. खिडकीखाली टेकवली, चादर नीट केली. कोपऱ्यातली उशी उचलून दिवेकर घुटमळले.

"वहिनी, उशी कुठल्या बाजूला असायची?"

"कसली बाजू! दोन्हीकडं ठेवून बघितली हुती."