गुलाबराव आणि गादीचा डब्बा

गुलाबराव सुतार कुणाच्याही घरी गेले की आधी दार वाजवायचे आणि आत आल्यावरही वाजवतच राहायचे. पत्र्याची पेटी, धान्याची कोठी, कोपऱ्यातला भोपळा, काहीही. बोटाच्या पेराने ठोकायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. आमच्या हेडमास्तरांची पाठ थोपटण्याच्या निमित्ताने त्यांनी एकदा तीही वाजवून पाहिली होती. "पोकळ हाय," मला बाजूला घेऊन म्हणाले. शाळेत सगळ्यांचं तेच मत होतं, पण तपासून सांगणारे ते एकटेच.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी नांदुऱ्याला भूगोल शिकवायचो आणि वसंता नावाच्या कापडदुकानदाराच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. गिटार नागपूरहून जुनी आणलेली. तिच्या स्पीकरसाठी मागून बंद असा लाकडी डब्बा गुलाबरावांनी केला. सागवानाचा, चौघांनी उचलायचा. तेव्हापासून ते स्वतःला ऑर्केस्ट्राचा माणूस समजू लागले. कार्यक्रमाला इस्त्रीचा सदरा घालून डब्ब्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या केल्या, पण टाळ्या इथेच ऐकल्या, असं सांगायचे. त्यातल्या अर्ध्या टाळ्या डब्ब्याला असतात याबद्दल त्यांना शंका नव्हती.

डब्बा मात्र घुमायचा. गिटारचे खालचे सूर काढले की विहिरीत बादली पडल्यासारखा आवाज यायचा आणि वसंताच्या गाण्याचे शब्द बुडायचे. वसंता कसा गातो हे माहीत असल्याने मला त्यात फारसं नुकसान दिसत नव्हतं, पण तो भडकायचा. "आवाज आतच फिरून राह्यला," गुलाबरावांनी निदान केलं. "त्याले बसाले काईतरी नरम पाह्यजे." त्यांनी घरचा कापूस आणून डब्बा गच्च भरला. घाईत एवढीच चूक झाली, की कापूस सरकीसकट होता.

महिनाभराने मेहकरकडच्या एका गावात गिटार ऐन गाण्यात खरखरू लागली. मागची फळी उघडली, तर आत सरकी खाऊन टुणटुणीत झालेली उंदरीण आणि तिची सहा पिल्लं. वायरच्या भोकातून शिरून तिने संसार थाटला होता आणि स्पीकरचा कागद कडेने कुरतडला होता. आमच्या कार्यक्रमात लोक इतके खूश कधीच झाले नव्हते. वसंताने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की आता वडनेर भोलजीचा कार्यक्रम शेवटचा. तिथे डब्बा घुमला तर अकोल्याहून तयार डब्बा येईल आणि गुलाबरावांनी घरी बसावं. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारे गुलाबराव डब्ब्यापाशी वाकले. पिल्लं कापसासकट टोपीत घेतली आणि कुणाच्या तरी गोठ्यात ठेवून आले. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो, तर अंगणात एक गादी उसवून पडलेली आणि त्यांची बायको सरूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी. गादी तिच्या माहेरची होती. "पिंजलेली रुई हाय मास्तर, सरकीचा दाणा नाई," गुलाबराव मला म्हणाले.

"आता त्या डब्ब्यातच झोपा म्हना त्याईले," सरूबाई म्हणाली.

स्पीकरला त्यांनी डिंकाने ठिगळ लावलं होतंच. आधी पूर्ण गादी कोंबली. गिटार उशीत तोंड खुपसून बोलू लागली. मग ते मूठ-मूठ रुई काढत गेले. मी एकच सूर वाजवायचा, त्यांनी फळीला पेर लावून ऐकायचं, पुन्हा एक मूठ काढायची. दुपार त्यातच गेली. शेवटी थोडी रुई गादीच्याच कापडात टाचून मागच्या फळीला आणि बाजूंना बसवली, मधली जागा मोकळी सोडली. वडनेरला डब्बा घुमला नाही. वसंताचा शब्द न शब्द लोकांना ऐकू गेला, त्याला कुणाचाच इलाज नव्हता. कार्यक्रम संपल्यावर वसंताने गुलाबरावांची खुर्ची स्वतः उचलून ट्रकमध्ये ठेवली.

पुढे ऑर्केस्ट्रा मोडला आणि डब्बा माझ्याकडे आला. बऱ्याच वर्षांनी गुलाबराव खामगावच्या दवाखान्यात आहेत असं कळलं, म्हणून भेटायला गेलो. डॉक्टर त्यांच्या पाठीवर एक बोट आडवं ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकत होते. गुलाबरावांची मान तिरकी झाली. डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि डॉक्टरांना डावीकडे परत एकदा वाजवायला सांगितलं.

"वरून मोकळं हाय. खाली चार बोटं भरलं," ते म्हणाले.

डॉक्टर चकित होऊन माझ्याकडे बघू लागले. फुप्फुसाशेजारी खरंच तेवढं पाणी झालं होतं.

"मास्तर, त्याईले सांगा," गुलाबराव हसत म्हणाले, "मूठ-मूठ काढा म्हना."

डॉक्टरांनी पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. आठ दिवसांत गुलाबराव गेले.

तेराव्यानंतर सरूबाई माझ्या घरी आली. तिच्या गादीची रुई अजून माझ्याकडच्या डब्ब्यातच होती आणि तेवढी परत न्यायला ती आली होती. मी पेचकस घेतला आणि मागच्या फळीचा पहिला स्क्रू काढला. तेवढ्यात तिने मला थांबवलं. खाली बसली, बोटाच्या पेराने डब्बा ठोकला आणि मान तिरकी करून ऐकत राहिली. पुन्हा एकदा ठोकला.

"राहू द्या मास्तर," ती म्हणाली. "अजून घुमत नाई."